परत आलेली तीन खोकी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. कुरिअरच्या काउंटरवर अठरा वर्षं काढली की देवमाणूससुद्धा तापट होतो. लोक काचेचं भांडं एका वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात आणि वर मलाच विचारतात, "फुटणार नाही ना?" फुटेल नाही तर काय, गाणं म्हणेल?

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं भांडण जुनं होतं, आणि विषय एकच, प्रेस. अण्णा चाळीस वर्षं एका मोठ्या ग्रंथालयाच्या बांधणी विभागात होते. सुटलेली पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा. ते निवृत्त झाले त्याच वर्षी ग्रंथालयाने बांधणीची जुनी प्रेस मोडीत काढली, आणि अण्णा ती घरी घेऊन आले. छपाईची प्रेस नव्हे. पुस्तक शिवून, खळ लावून झालं की ते दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, वर फिरवायचं चाक. गॅलरीतली निम्मी जागा त्या शिकंज्याची, उरलेल्या निम्म्यात आमचे कपडे वाळायचे. माझ्या उजव्या पायाची करंगळी त्याच्यावर आठवड्यातून एकदा तरी आपटायचीच.

"अण्णा, हे धूड कोणाच्या तरी गळ्यात बांधा हो!" मी एका पायावर नाचत ओरडायची.

"बघून चालावं, बाई," अण्णा आतून म्हणायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

मागच्या वर्षी त्यांना झटका येऊन गेला. हलका होता. पाय, बोलणं, सगळं दोन महिन्यांत ठाकठीक झालं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र थोडी ढिली राहिली. कप उचलला की बशीवर किणकिण वाजायचा. डॉक्टर म्हणाले, हात वापरत राहा. अण्णा म्हणाले, बरं. आणि त्या विषयावरचं त्यांचं बोलणं संपलं.

तर एका बुधवारी संध्याकाळी मी कामावरून येऊन चपला काढतेय तोच अण्णा म्हणाले, "रविवारी छापखानेवाला येणार आहे. टेम्पो घेऊन. प्रेस त्याला देतोय."

छापखानेवाला म्हणजे अण्णांचा जुना ओळखीचा. पत्रिका, पावतीपुस्तकं छापतो. पन्नाशी उलटली आहे त्याची, पण अण्णांसमोर अजून खुर्चीत बसत नाही.

"प्रेस देताय?" मी म्हटलं.

"सगळंच देतोय. सुया, टोचे, हाडाची पट्टी. तुला गॅलरी मोकळी हवी होती ना?"

मी जिंकले होते. बारा वर्षांनी जिंकले होते. आणि मला काही केल्या बरं वाटेना. अण्णा आणि न भांडता हो म्हणाले? हाडाची पट्टीसुद्धा? ती पट्टी कागदाची घडी दाबायची, वापरून वापरून लोण्यासारखी गुळगुळीत झालेली. एकदा मी तिने पाकीट उघडलं होतं तर हा शांत माणूस दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

रात्री नवऱ्याला सांगितलं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, दिवसभर वरखाली करून घरी आले की त्यांना कुठलाच विषय वर न्यायचा नसतो. "देतायत तर देऊ दे," एवढं बोलून कूस बदलली.

शनिवारी मला सुट्टी. प्रेस निघायची तर वाट करायला हवी, म्हणून मी गॅलरी आवरायला घेतली. प्रेसच्या मागे जुनी ताडपत्री होती. ओढली तर खाली तीन खोकी, एकावर एक, भिंतीला चिकटवून ठेवलेली. सारख्या मापाची. वरच्या खोक्यावर कुरिअरचं लेबल होतं, आमच्या नव्हे, दुसऱ्या कंपनीचं. पाठवणार म्हणून अण्णांचं नाव. आणि त्यावर तिरका चिकटवलेला पिवळा कागद.

पिवळा कागद मी झोपेतसुद्धा वाचू शकते. पार्सल पोचवता आलं नाही की तो लागतो. कुठल्या तारखेला माल गावात पोचला, कुठल्या तारखेला माणूस पत्त्यावर गेला, का दिलं नाही. तिन्ही खोक्यांवर कारण एकच होतं: पत्ता सापडला नाही. तिन्हींवर पत्ताही एकच, लांबच्या शहरातला कुठलासा गाळा नंबर.

मी तशीच हात न धुता आत गेले. अण्णा खिडकीशी बसले होते.

"अण्णा, ती खोकी कसली?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "राहू दे ती. टाकून द्यायची आहेत."

"सून कुरिअरच्या काउंटरवर बसते आणि तुम्ही तीन पार्सलं दुसऱ्याच्या दुकानातून पाठवता? कुठून पाठवलीत?"

"पुलापलीकडून."

"पुलापलीकडून! दोन बस बदलून! एवढं खोकं घेऊन! का?"

"तुला कळू नये म्हणून," अण्णा म्हणाले. सरळ, शांतपणे. यावर आता काय भांडायचं? मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फोनवर जाहिरात दिसली होती त्यांना. अण्णांनी ती मला उघडून दाखवली. एक हसरी बाई, समोर वह्यांचा ढीग. 'घरबसल्या वह्या बांधा. अनुभवाची गरज नाही. कच्चा माल आमचा, तयार मालही आम्हीच घेणार. आजच नोंदणी करा, मोजक्याच जागा शिल्लक.' आधी कच्च्या मालाची अनामत भरायची, मग कापलेले कागद, पुठ्ठे, दोरा येणार. चाळीस वह्या शिवून पाठवायच्या. माल पसंत पडला की अनामत परत आणि वर मजुरी.

"अनुभवाची गरज नाही, हे वाचून मला हसू आलं," अण्णा म्हणाले. "म्हटलं, चला, ह्यांना एक अनुभवी माणूस फुकटात मिळेल. पैशांसाठी नाही गं. पेन्शन पुरते मला. हात चालतो का, ते बघायचं होतं. कोणाला न सांगता. चालला तर सांगणार होतो."

"आणि?"

त्यांनी फोनवरचा पहिला निरोप उघडून माझ्यापुढे धरला. फोन हलत होता, मी तो त्यांच्या हातातून घेतला. 'गुणवत्ता तपासणीत आपला माल नापास. टाके असमान, कडा तिरक्या. अनामत जप्त. माल परत पाठवत आहोत. पुन्हा संधी हवी असल्यास नवा संच मागवा.'

अण्णांनी नवा संच मागवला. दुसऱ्यांदा नापास. पुन्हा मागवला. तिसऱ्या वेळी त्यांनी संचातला दोरा फेकून स्वतःचा, मेण लावलेला, चांगला दोरा वापरला. रोज मी कामावर गेले की बसायचे आणि मी यायच्या आत सगळं आवरून ठेवायचे. तिसऱ्यांदाही नापास.

"चाळीस वर्षांत माझं एक पुस्तक कोणी परत पाठवलं नव्हतं," अण्णा म्हणाले. "एकशेवीस वह्या परत आल्या. हात गेला, बाई. गेला तर गेला. मग ती प्रेस कशाला अडवून ठेवायची?"

मला रडू येतंय की राग येतोय, ते कळेना. मला असं झालं की रागच येतो, सवयीने. "अहो, हे लुच्चे आहेत! हे सरळसरळ लुबाडणारे आहेत! कामाला लावणारा माणूस आधी तुमच्याकडून पैसे घेतो का?"

"मी कामाला लागलो तेव्हा साहेबाने माझ्याकडे सुई मागितली होती," अण्णा म्हणाले. "शिवताना हात कसा चालतो ते बघायला. पैसे नव्हते मागितले, खरं."

"बघा!"

"पण म्हणून माझं काम चांगलं होतं असं होत नाही. लुच्चा माणूसही वाकडा टाका बघितला की वाकडाच म्हणणार. तू माझं मन राखायला बोलतेयस."

मी! मी कोणाचं मन राखायला बोलते, असं माझ्या जन्मात पहिल्यांदाच कोणी म्हटलं. मी उठले, गॅलरीत गेले, वरचं खोकं उचलून आणलं आणि त्यांच्या मांडीजवळ टेबलावर ठेवलं.

"वाचा. पिवळा कागद. माल त्या शहरात कधी पोचला?"

त्यांनी चष्मा लावला. "आठ तारखेला."

"माणूस पत्ता शोधत कधी फिरला?"

"नऊला. परत दहाला. पत्ता सापडला नाही."

"आणि तुम्ही नापास झाल्याचा निरोप कधीचा?"

अण्णांनी फोन घेतला. निरोप पुन्हा उघडला. "सहाचा."

"सहा तारखेला तुमच्या वह्या ट्रकमध्ये होत्या, अण्णा. त्या नापास करायला ट्रकमध्ये कोण बसलं होतं, ड्रायव्हर?"

तरी त्यांचा चेहरा हलेना. तारखा काय, छापलेल्या असतात, चुकतात, म्हणाले. मग त्यांनी खोकं स्वतःकडे वळवलं, आणि त्यांचा हात दोऱ्यावर गेला. अण्णा कुठलंही पार्सल चिकटपट्टीवर सोडत नाहीत. वरून मेणाचा दोरा, आडवा उभा, आणि मधोमध त्यांची ती गाठ: दोन पदरांची, टोकं आत खोचलेली, वर खळीचा एक थेंब, सुटू नये म्हणून. ती गाठ कापावी लागते. सोडवून पुन्हा बांधता येत नाही, निदान दुसऱ्या कोणाला तरी.

त्यांनी अंगठा गाठीवरून फिरवला. खळीचा थेंब तसाच, वाळून पिवळा पडलेला.

"ही माझी गाठ आहे," ते म्हणाले.

"हो."

"दुसरं खोकं आण."

आणलं. तिसरंही आणलं. तिन्हींवर गाठी तशाच होत्या. परत आलेल्या मालाकडे बघवत नव्हतं म्हणून अण्णांनी ती खोकी कधी नीट उजेडात धरलीच नव्हती. दारातून घेतली की थेट ताडपत्रीखाली.

"म्हणजे कोणी उघडलंच नाही," अण्णा म्हणाले. आणि मग बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "कोणी बघितलंसुद्धा नाही! एकशेवीस वह्या! अरे, नापास करायचं तर करा, पण बघून तरी करा!"

एवढं बोलून ते दमले. मी पाणी दिलं. माझे डोळे भरून आले होते, ते मी पदराने नाही, सरळ बाहीने पुसले.

मग मी कात्री शोधायला लागले. खोकं उघडून दाखवावं, झालं, संपलं. पण हात दोऱ्यापाशी गेला आणि थांबला. काउंटरवरची सवय. भांडण लागलेलं पार्सल कधी उघडायचं नाही. न उघडलेलं खोकं हाच पुरावा असतो.

"तक्रार करायची," मी म्हटलं. "खोकी आहेत तशीच न्यायची."

"मग मला कळायचं कसं, आत काय आहे ते?"

"थांबावं लागेल."

"छापखानेवाला उद्या येतोय. शब्द दिलाय मी."

"मी त्याला फोन करते, मंगळवारी ये म्हणून."

"कशासाठी? कोणी बघितलं नाही म्हणजे काम चांगलं झालं, असं थोडंच आहे?" पुन्हा त्यांचा तोच हेका. आणि खरं सांगते, मलाही ठाऊक नव्हतं. बशीवरची किणकिण मीही रोज ऐकत होते.

संध्याकाळी हे आले. त्यांना सगळं सांगितलं तर ते सरळ अण्णांजवळ जाऊन बसले. मग फोन घेऊन म्हणाले, "जाहिरात रिपोर्ट करू या, इथेच बटण असतं." मी त्यांचा हात धरला. "आधी फोटो काढा पडद्याचे. जाहिरातीचा, निरोपांचा, पैसे गेल्याच्या पावत्यांचा. रिपोर्ट केल्यावर गायब झालं म्हणजे आपल्या हाती धुपाटणं." आमच्या यांनी माझं म्हणणं पहिल्या झटक्यात ऐकलं असं लग्नानंतर हे दुसऱ्यांदा झालं.

फोटो काढता काढता जाहिरातीखालची लोकांची मतं दिसली. बरीच खोटी होती, 'पहिल्याच महिन्यात आयुष्य बदललं' वगैरे, सगळी एकाच हाताने लिहिल्यासारखी. पण मध्ये मध्ये काही खरी होती. एकीने लिहिलं होतं, 'मला जमलं नाही, माझीच चूक, पण ज्यांना जमतं त्यांच्यासाठी चांगलं असावं.' अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग बटण त्यांनीच दाबलं.

रविवारी यांनी फोटो छापून आणले, आणि अण्णा दिवसभर काहीतरी लिहीत बसले होते. सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिन्ही खोकी रिक्षात घालून ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी घेतात त्या कार्यालयात गेलो. जिना चढून दुसरा मजला, बाहेर बाक, आत चार टेबलं. आमच्या वाट्याला आलेल्या बाईंच्या टेबलावर स्टेपलर सुतळीने पायाला बांधलेला होता. चोर पकडायच्या ऑफिसात! मला हसू आवरेना. बाई म्हणाल्या, "हसू नका, तिसरा आहे हा."

अण्णांनी पिशवीतून तक्रार काढली. मी बघतच राहिले. नऊ पानं हाताने लिहिलेली, मध्ये पडद्याच्या आणि खोक्यांवरच्या पिवळ्या कागदांच्या फोटोंचे छापील कागद, आणि हे सगळं जुजबंदी करून शिवलेलं. जुजबंदी म्हणजे कागद घड्या घालून, एकात एक बसवून, घडीतून शिवायचे. खळ, पुठ्ठा, पाठीला कापड, सगळं काही. तक्रारीचं पुस्तक!

"सुटी पानं हरवतात," अण्णा म्हणाले.

बाईंनी ते उलटसुलट केलं. "आजोबा, मला हे स्कॅन करायचंय. पानं सुटी करून द्या."

"सुटी होणार नाहीत."

"मग काचेवर कशी बसतील?"

"बसतील."

बाईंनी शंकेने पुस्तक मधोमध उघडून मशीनच्या काचेवर ठेवलं. ते सपाट पडलं. दाबावं लागलं नाही, पान उलटून वर आलं नाही. बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं तशीच स्कॅन केली आणि परत येऊन टेबलावर पुस्तक ठेवलं, जरा जपून.

"ह्याच जाहिरातीबद्दल अकरा फोन आलेत आम्हाला," त्या म्हणाल्या. "लेखी द्यायला एकही जण आला नाही. कोणी वह्या, कोणी पाकिटं, कोणी मेणबत्त्या. सगळ्यांचं एकच, काम आमचंच वाईट झालं, तक्रार कशाची करणार? ह्यांना तेच हवं असतं. लाजलेला माणूस तोंड उघडत नाही. तुमच्यासारखी बंद खोकी तर कोणीच ठेवलेली नाहीत."

"मी लाजूनच ठेवली होती," अण्णा म्हणाले.

बाईंनी खोक्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, गाठींचे जवळून काढले, तारखा लिहून घेतल्या. पैशांचं काही वचन दिलं नाही. बँकेला कळवू, प्रयत्न करू, म्हणाल्या. मग म्हणाल्या की एक खोकं पुराव्यासाठी बंद ठेवून घेते, दोन नेलीत तरी चालेल. "कुठलं ठेवू?"

अण्णांचा हात तिसऱ्या खोक्यावर गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की त्यांना तिसरं तिथेच ठेवायचं आहे. त्याच्यावर त्यांनी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. तेही वाकडं निघालं तर पुढे बोलायला काही उरणार नव्हतं.

"पहिलं ठेवा," मी म्हटलं. रिक्षात अण्णा तोंड फिरवून बसले.

घरी आल्यावर त्यांनी टेबल खिडकीशी ओढायला लावलं. उजेड डावीकडून हवा. आधी दुसरं खोकं. गाठ स्वतः कापली. एकेक वही घ्यायची, कणा बघायचा, कडा बोटाने तपासायची, मधोमध उघडून टेबलावर टाकायची. पसंत ती डावीकडे, नापसंत ती उजवीकडे. मी शेजारी बसून मोजत होते आणि मूग गिळून होते, जे मला आयुष्यात फारसं जमलेलं नाही.

उजवीकडे अकरा झाल्या. चाळीसातल्या अकरा.

"बघ," अण्णा म्हणाले. "टाका सैल आहे. ही कड उतरलीय. मी विभागात असतो तर ह्या मीच उसवल्या असत्या." आवाज अगदी शांत. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने उजवा धरून बसले.

"अजून एक खोकं आहे," मी म्हटलं.

"कशाला?"

"मी दोन खोकी दोन मजले खाली वाहून आणलीत म्हणून!"

तिसरं खोकं मीच पुढे सरकवलं. गाठ त्यांनी कापली. पहिली वही डावीकडे गेली. दुसरी, तिसरी, चौथी. दहा झाल्या तरी उजवीकडे काही नाही. अण्णा आता एकेक वही जास्त वेळ बघायला लागले, चूक शोधायला लागले. वीस. तीस. सव्विसावी एक त्यांनी उजवीकडे ठेवली होती, कणा केसभर तिरका होता. मला तर दिसतही नव्हता. चाळिसावी वही त्यांनी उघडून टेबलावर टाकली. ती सपाट पडली.

"एकच," मी म्हटलं.

अण्णा पुन्हा दुसऱ्या खोक्यातली एक वही घेऊन तिसऱ्यातल्या वहीशेजारी धरून बघत होते. "हात सुधारत होता," ते म्हणाले. "दोन महिने हात सुधारत होता, आणि मी तो गेला म्हणून रडत होतो."

मग मात्र आम्ही दोघंही रडलो. चांगली दहा मिनिटं. चहा गॅसवर उतू गेला.

मंगळवारी छापखानेवाला टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आला. अण्णांनी त्याच्या हातात तिसऱ्या खोक्यातली वही दिली. तो वही उघडून उभ्यानेच बघत राहिला. "प्रेस मिळणार नाही," अण्णा म्हणाले. "शब्द मोडतोय, माफ कर. तुझ्याकडे जुजबंदीचं काम आलं तर मात्र पाठवून दे." तो बिचारा टेम्पोचं भाडं भरून रिकामा परत गेला, पण जाताना हसत होता. गॅलरीतून त्याला हात दाखवायला गेले आणि माझी करंगळी आपटली.

"बघून चालावं, बाई," आतून आवाज आला.

त्या जाहिरातीचं म्हणाल तर आठवड्याने ती गेली, पंधरा दिवसांनी दुसऱ्या नावाने आली, तीच हसरी बाई घेऊन. आम्ही पुन्हा फोटो काढले, पुन्हा रिपोर्ट केलं, तक्रार घेणाऱ्या बाईंना कळवलं. अण्णांचे पैसे अजून आलेले नाहीत. बहुतेक येणारही नाहीत.

ती केसभर तिरकी वही मी अण्णांकडून मागून घेतली. काउंटरवर ठेवते. तो गाळा नंबर मला आता पाठ झाला आहे. त्या पत्त्यावर माल घेऊन कोणी आलं की मी आधी त्यांना बसवते. आणि परत आलेलं एखादं खोकं त्या पत्त्याचं निघालं की मालक न्यायला येण्याची वाट बघते.

परवा एक काकू आल्या. मान खाली, आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं. "माझं एक परत आलेलं आहे म्हणे. राहिलं असतं तरी चाललं असतं."

"आत काय आहे, काकू?"

"पाकिटं. कागदाची. मला नीट जमली नाहीत."

मी खोकं काउंटरवर ठेवलं. "नेण्याआधी एक करा. पट्टी बघा."

खोक्यावर निळ्या फुलांची चिकटपट्टी होती, मुलं वह्यांना लावतात तसली. काकूंनी खोकं एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. कोपऱ्यावर पट्टी कमी पडली होती तिथे वेगळा तुकडा जोडलेला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही तर मीच लावली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

मी वही त्यांच्याकडे वळवली आणि पेन पुढे केलं. नाव, फोन नंबर, तारीख. काकूंनी पेन उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

"म्हणजे माझं काम कोणी बघितलंच नाही?"

"नाही," मी म्हटलं. "इथे नाव लिहा, बंद खोक्याचे फोटो काढून आपण तक्रार करू. मग खोकं घरी न्या, खिडकीशी बसा आणि तुम्हीच बघा."